ट्रंकेसकट घ्या

सार्वजनिक वाचनालयांची कार्यकारी मंडळं, विद्यापीठांची ग्रंथालयं आणि पुराभिलेख संचालनालय यांस,

स. न. वि. वि.

माझ्या वडिलांची काळ्या पत्र्याची एक ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेलं. बढती मिळाली की जुना हुद्दा खरवडून नवा लिहायचा असतो. अण्णांनी खरवडायचा कंटाळा केला, म्हणून सिग्नलमन, नायक आणि हवालदार हे तिन्ही हुद्दे आजही एकमेकांच्या आडून डोकावतात. पंधरा वर्षं ही ट्रंक जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरपासून कुठे कुठे हिंडली. १९७८ साली अण्णा पेन्शनीत निघाले, ट्रंक घरी आली, आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं तिच्यात वर्तमानपत्राचे कागद पडत गेले. फौजेतून आलेला माणूस आधी तालुका वार्ताहर झाला, मग जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर उपसंपादक, आणि मधल्या वेळात कथाकार. त्यांची दोन पुस्तकं निघाली. दोन्ही आता मिळत नाहीत.

गेल्या वर्षी ते गेले. मी एका वाचनालयाच्या कार्यवाहांना भेटले आणि म्हटलं, अण्णांचा सगळा संग्रह तुम्हाला देते. सद्गृहस्थ होते ते. पुस्तकं आनंदानं घेतली, यादी केली, पोच दिली. ट्रंकेचं झाकण उघडल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "ताई, हे खासगी आहे. ह्या कागदांचं आम्ही करायचं काय?" मग त्यांनी दाखल नोंदवही माझ्यासमोर धरली. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत. "किमतीच्या रकान्यात काय लिहू, तुम्हीच सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा सुचलं नाही ते आता लिहिते आहे, आणि एकट्या त्यांना लिहून भागणार नाही म्हणून आपणा सर्वांना.

त्या रकान्याचा एक चटका आमच्या घराला आधीच बसला होता. अण्णा हिंडते-फिरते असतानाच त्यांनी दोन पोती कागद दुसऱ्या एका संस्थेला दिले होते. सहा वर्षांचे बातमीदारीचे पॅड होते त्यात. पॅड म्हणजे काय, तर छापखान्यात उरलेल्या न्यूजप्रिंटच्या पट्ट्या कापून, एका टोकाला खळ लावून चिकटवलेल्या. संस्थेनं ती पोती जिन्याखाली ठेवली. पुढे तपासणीच्या आधी आवराआवर झाली, आणि पोती रद्दीत गेली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पोत्यांची दाखल नोंदच नव्हती, म्हणून ती तिथे होती असंही कागदोपत्री म्हणता येईना आणि गेली असंही म्हणता येईना. अण्णा एवढंच म्हणाले, "युनिटमध्ये चमचा हरवला तरी कोर्ट ऑफ एन्क्वायरी व्हायची."

आपली अडचण मला समजते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात, त्यावर अनुदान ठरतं, आणि वर्ग ठरवताना ग्रंथ मोजतात, वर्तमानपत्रं नि नियतकालिकं मोजतात. सुटा कागद मोजणीतच नाही. जे मोजायचं नाही त्याला कपाट तरी कोण देणार? पण मोजणीत बसणारी पुस्तकं आणि न बसणारे कागद यांच्यात काय नातं असतं, ते एका उदाहरणानं सांगते. उदाहरण घरचंच आहे आणि त्यात अण्णांची थोडी फजिती आहे.

१९७१ च्या डिसेंबरातली एक रात्र. ह्या एका रात्रीबद्दल अण्णांच्या हातचं चार ठिकाणी लिहिलेलं आहे.

पहिलं, खिशातल्या वहीत. वही तळहाताएवढी, पेन्सिलीनं लिहिलेली, फौजी पद्धतीनं वेळ चार आकड्यांत टाकलेली: "०७ डिसें. बॅटरी डाऊन. सेट बंद. ०२०० ते ०४३० झोपलो. उस्ताद काही बोलले नाहीत." बस्, एवढंच. सेट म्हणजे वायरलेसचा, आणि उस्ताद म्हणजे शिकवणारे वरिष्ठ. अण्णांचं सगळं शिक्षण मोर्सच्या किल्लीवर झालेलं. एक शब्द जास्त लिहिला तर हात दुखतो असं ते म्हणायचे.

दुसरं, आईला धाडलेलं पत्र. १० डिसेंबरचं. "माझी तब्येत उत्तम आहे. काळजी नसावी. झोप भरपूर मिळते." सैनिकाच्या पत्रातलं हे ठरीव वाक्य. घरच्यांच्या समाधानासाठी लिहायचं, ते खरं कुणी धरत नाही. वही शेजारी ठेवून वाचलं तेव्हा कळलं, ह्या एका पत्रात तरी ते अक्षरशः खरं होतं.

तिसरं, छापील. १९८१ च्या १६ डिसेंबरला, विजय दिवसाच्या पानावर, "त्या रात्री" नावाचा त्यांचा लेख आला. त्यात हे वाक्य आहे: "आमच्यापैकी कुणाचाही डोळा लागला नाही." मी शाळेत होते. वर्गात बाईंनी तो लेख वाचून दाखवला आणि सगळ्या वर्गानं माझ्याकडे वळून पाहिलं होतं.

चौथं म्हणजे कथा. लेखानंतर बारा वर्षांनी लिहिलेली. कथेत एक ऑपरेटर सेटपाशी झोपतो, पहाटे जागा होतो तर अंगावर कुणीतरी आपलं कांबळं घातलेलं असतं, आणि बाहेर उस्ताद कुडकुडत चार्जिंग इंजिनाशी झटापट करत असतात. उस्ताद त्याला झोपेबद्दल कधीच विचारत नाहीत. ते कांबळं त्या ऑपरेटरला जन्मभर टोचत राहतं. समीक्षकानं लिहिलं, झोपेची कल्पना प्रभावी आहे.

कल्पना! तुमच्या कपाटात आज जे जाईल ते म्हणजे कात्रणातला लेख आणि संग्रहातली कथा. एवढंच वाचणारा उद्याचा अभ्यासक म्हणेल, लेख म्हणजे आठवण आणि कथा म्हणजे कल्पित. खरं बरोबर उलटं आहे. आणि ते उलटं आहे हे सांगणारी एकमेव वस्तू, ती तळहाताएवढी वही, तुमच्या नोंदवहीच्या किमतीच्या रकान्यात बसत नाही म्हणून ट्रंकेत राहिली आहे.

कथेचे पाच कच्चे खर्डेही आहेत. पहिल्या खर्ड्यात उस्ताद मरतात. दुसऱ्यात जखमी होतात. तिसऱ्यात एक लांबलचक भाषण करतात, ते अण्णांनी आडव्या रेघा मारून खोडलं आहे आणि समासात लिहिलं आहे, "उस्ताद असं कधी बोलले असते का?" पाचव्यात त्यांची फक्त बदली होते. सैन्यात बहुतेक माणसं तशीच आयुष्यातून निघून जातात, बदलीनं. मरणाकडून बदलीकडे यायला ह्या लेखकाला पाच खर्डे लागले. लिहायला शिकणाऱ्या कुणाही पोराला ह्याहून चांगला धडा मी तरी दाखवू शकणार नाही.

मराठीला हा धडा नवा नाही, खरं तर. वरसईच्या विष्णुभट गोडशांचा "माझा प्रवास" आपण सगळे १८५७ चा आँखों देखा हाल म्हणून वाचतो. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली तो छापला, तो त्यांच्या हाताखालून काटछाट होऊन. मूळ मोडी हस्तलिखित पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं, म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली गोडसे भटजींचा मूळ मजकूर छापता आला. जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचक वैद्यांचे गोडसे वाचत होता. हस्तलिखित रद्दीत गेलं असतं तर अजून वाचत असता, आणि आपण काय वाचत नाही आहोत हेही त्याला कळलं नसतं.

आणि ह्या प्रकारच्या माणसाचं, म्हणजे फौजेतून पत्रकारितेत आलेल्याचं, जगभर नावाजलेलं दप्तर पाहायचं तर बेसिल लिडेल हार्ट यांचं. पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश कॅप्टन, नंतर लंडनच्या मोठ्या दैनिकांचे लष्करी वार्ताहर. त्यांनी पत्रं, टिपणं, कात्रणं असं सगळं जपलं, आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजातलं लष्करी दप्तरखाना केंद्र आज त्यांच्याच नावानं चालतं. पण गंमत पुढे आहे. रणगाड्यांच्या लढाईचा जर्मन सेनापती गुडेरियन याच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी आवृत्तीत एक परिच्छेद आहे, त्यात लिडेल हार्टांचं ऋण मान्य केलेलं. मूळ जर्मन पुस्तकात तो परिच्छेद नाही. तो घालावा अशी सूचना लिडेल हार्टांनी स्वतःच गुडेरियनला केली होती, हे पुढे पत्रव्यवहारातून उघड झालं. दप्तर माणसाचा पुतळा उभा करायला असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. सगळं ठेवलं तरच माणूस तपासता येतो, स्वतः ठेवणारासुद्धा.

आपल्याकडे ह्या वाटेवरचे आद्य म्हणावेत असे गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, दापोलीला राहिले, जोतीरावांच्या विचाराला लागले, "दीनबंधू"त आणि "सुधारक"मध्ये लिहू लागले. १८८८ साली त्यांनी "विटाळ विध्वंसन" काढलं. अस्पृश्यता पाळणाऱ्या धर्मधुरीणांना सव्वीस प्रश्न विचारणारी पुस्तिका. एका अर्थानं तेही खुलं पत्रच. पुढे महारांची सैन्यभरती थांबली तेव्हा १८९४ साली सरकारकडे धाडण्यासाठी जो अर्ज तयार झाला, तोही त्यांच्याच धडपडीचा. त्या अर्जाचा मराठी मजकूर आज अभ्यासकांना मिळतो तो आंबेडकर-चरित्रकार चांगदेव खैरमोडे यांनी जमवून ठेवला म्हणून. ते काम कुठल्या खात्यानं नव्हे, एका माणसानं केलं, आणि तेही दुसऱ्याच कोणाचं चरित्र लिहिता लिहिता. नशिबावर टिकलेला कागद म्हणतात तो हा.

ह्या नशिबाची दुसरी बाजूही आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉरच्या मेजावरून जात. सेन्सॉर निवडक उतारे इंग्रजीत करून घेई आणि अहवालाला जोडी. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नीट लावलेले आहेत. उर्दूतली, गुरमुखीतली, हिंदीतली, मराठीतली पत्रं. मूळ पत्रं मात्र ज्यांची त्यांच्या घरी गेली आणि घराघरांतून संपली. म्हणजे सातारच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या शिपायानं मराठीत लिहिलेलं वाक्य आपल्याला वाचायचं असेल तर ते इंग्रजीत वाचावं लागतं, आणि तेही ज्यानं ते संशयानं तपासलं त्याच्या शब्दांत. हा विनोद मला अजून पचलेला नाही.

आता आमच्या ट्रंकेत काय आहे ते थोडक्यात. थोडक्यात म्हणते खरी, पण जमेल असं नाही.

आईकडे आलेली पत्रं सुमारे तीनशे. आईला लिहिता येत नव्हतं. तिची उत्तरं गावातले गुरुजी लिहून देत. अण्णांनी त्यातली एकवीस जपून आणली. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी "कळावे, लोभ असावा". नवराबायकोच्या पत्रात लोभ असावा! पण एका पत्रात गुरुजींच्या ओळींखाली शाईचा मोठा डाग आहे आणि डागाशेजारी वेड्यावाकड्या अक्षरात आईनं एकच शब्द लिहिला आहे: "या". तो तिनं कधी शिकला, कुणाकडून, हे तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पत्रांपेक्षा पाकिटांचं जास्त सांगायला हवं, कारण लोक पत्र ठेवतात आणि पाकीट फेकतात. आघाडीवरच्या सैनिकाचा पत्ता "द्वारा ५६ एपीओ" किंवा "द्वारा ९९ एपीओ" (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) एवढाच असतो. तो मुद्दामच आंधळा ठेवलेला. आत लिहिणाराही गावाचं नाव लिहीत नाही. पण पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का असतो, त्यात क्रमांक आणि तारीख. कुठल्या काळी कुठल्या क्रमांकाचं फील्ड पोस्ट कुठे होतं हे जाणणारे लोक आहेत, शिक्के जमवणाऱ्यांत तर हमखास. म्हणजे पत्र "कुठून" आलं हे पत्रात नाही, पाकिटावर आहे. माझ्या मामेभावाला लहानपणी तिकिटांचा नाद होता. शांततेच्या काळातल्या पस्तीसेक पाकिटांचे कोपरे त्यानं कात्रीनं कापून नेले. तिकिटाबरोबर अर्धा शिक्का गेला. त्या पस्तीस पत्रांना आता तारीख आहे, जागा नाही.

पत्रकारितेचा भाग आणखी विस्कळीत. प्रेस तारेच्या फॉर्मच्या स्थळप्रती. एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायच्या पाकिटांच्या कार्बन कॉप्या; संध्याकाळच्या गाडीनं पाकीट जिल्ह्याला जायचं, आणि गाडी पंक्चर झाली की तालुक्याची बातमी शिळी व्हायची. संपादकांच्या चिठ्ठ्या, बहुतेक दोन ओळींच्या: "लांबी कमी करा. तुमची पलटण मोठी आहे, आमचं पान लहान आहे." मानधनाच्या पावत्या, त्यावरचे आकडे वाचून मला आईचा संसार नव्यानं कळला. वाचकांची पत्रं, त्यात माजी सैनिकांची ढिगानं. कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाच्या विधवेचा पीपीओ, म्हणजे पेन्शनीचा आदेश, हरवलेला, कुणाची जमीन भावकीनं बळकावलेली. अण्णांच्या सदरातली प्रत्येक हकीकत ह्या ढिगातून निघाली आहे, आणि छापून आलेल्या एका हकीकतीमागे न छापलेल्या वीस आहेत.

नव्वदीतले फॅक्स मात्र गेले. तो तापणाऱ्या कागदावरचा छापा असतो, उजेडानं आणि उष्णतेनं उडतो. आमच्याकडे चाळीस-पन्नास कोरे गुळगुळीत कागद आहेत, त्यांवर एकेकाळी काहीतरी तातडीचं होतं. कुणाच्या घरी असे फॅक्स अजून वाचता येत असतील तर आधी त्यांची झेरॉक्स काढा, बाकी सगळं नंतर.

मग मला आपल्याकडून काय हवं आहे? इमारत नको. नामफलक तर मुळीच नको, अण्णांना आपलं नाव ट्रंकेवर पुरेसं वाटत होतं.

हवी आहे ती वेगळी नोंदवही. "व्यक्तिगत कागदपत्रे" असं वर लिहिलेली, जिच्यात सुटा कागद मोजायचा नाही, खोकं मोजायचं. खोक्याला क्रमांक, कुणाकडून आलं, केव्हा आलं, आत ढोबळमानानं काय आहे, बास. किमतीचा रकाना नकोच. आपल्या जुन्या दप्तरांत कागद कापडी रुमालात बांधून ठेवत आणि रुमालाला क्रमांक देत. पेशवे दप्तर तसंच टिकलं. ही युक्ती परदेशातून आणायची नाही, आपलीच आपण विसरलो आहोत.

दुसरं, लावालाव करू नका. ट्रंक आली की उत्साही माणूस पहिल्यांदा पत्रं एकीकडे, कात्रणं एकीकडे, फोटो अल्बममध्ये असं करतो. अण्णांच्या ७१ च्या वहीत एक कात्रण घडी घालून ठेवलेलं होतं, त्याच १९८१ च्या लेखाचं. डोळा न लागल्याचं वाक्य त्यात पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं. कात्रण कात्रणांच्या फायलीत गेलं असतं तर ते फक्त एक कात्रण. वहीच्या त्या पानात सापडलं म्हणून तो कबुलीजबाब. कागद ज्या शेजाऱ्याजवळ सापडला तो शेजारी त्याचा अर्धा अर्थ असतो.

टाचण्या काढा, त्या गंजतात. रबरबँड काढा, ते वितळून चिकटतात. पारदर्शक चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर हात जोडून सांगते, नको. कागद एकदा प्लॅस्टिकमध्ये गेला की बाहेर येत नाही. न्यूजप्रिंट चांगल्या कागदाला लागून ठेवू नका, त्याचा पिवळेपणा शेजारच्यालाही धरतो. स्कॅन जरूर करा, पण स्कॅन झालं म्हणून मूळ टाकून देण्याचं कारण नाही. पेन्सिलीचा दाब, खोडलेल्या शब्दाखालचा शब्द, पाठीमागची किराणा यादी पडद्यावर नीट येत नाही.

आता भीतीचं. माजी सैनिकांच्या घरांत ही भीती मोठी असते, आणि त्यापायी किती वह्या चुलीत गेल्या असतील कोण जाणे. "सैन्याचे कागद घरात सापडले तर?" १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा सगळ्यांना नावानं माहीत असतो. बापाची खासगी रोजनिशी, बायकोला लिहिलेली पत्रं, छापून आलेले लेख हे सरकारी दप्तर नव्हे. युनिटची वॉर डायरी ती वेगळी, ती युनिटची आणि सरकारची. तिच्याबाबतसुद्धा संरक्षण मंत्रालयानं जून २०२१ मध्ये धोरण मंजूर केलं आहे: अभिलेख साधारणपणे पंचवीस वर्षांत खुले व्हावेत, आणि त्याहून जुने असतील ते तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात जावेत. सरकार आपलेच कागद उघडायला निघालं आहे आणि आपण घरची वही जाळतो आहोत. ट्रंकेत खरोखरच एखादा शिक्क्याचा सरकारी कागद निघाला तर तो बाजूला काढून रीतसर विचारावं. त्यासाठी बाकीची ट्रंक नाकारायची गरज नाही.

दुसरी भीती घरातली. तिच्याविषयी मी साळसूदपणे बोलू शकत नाही. ट्रंकेत एक पत्र आहे, अण्णांच्या एका सहकाऱ्याचं. त्यात अण्णांबद्दल एक आरोप आहे, पैशाच्या संदर्भातला. तो खरा की खोटा मला माहीत नाही, अण्णांनी त्याला काय उत्तर दिलं तेही नाही. मी ते पत्र बाहेर काढलं. चार दिवस माझ्या पर्समध्ये होतं. पाचव्या दिवशी परत जागेवर ठेवलं, पण वेगळ्या पाकिटात, आणि पाकिटावर लिहिलं, "अमुक सालापर्यंत उघडू नये." साल मी विचार करून टाकलं आहे. असं बंद पाकीट स्वीकारण्याची तयारी आपल्या संस्थेनं ठेवावी. ठरलेली मुदत लेखी घालून द्यावी आणि पाळावी. नाहीतर माझ्यासारखी माणसं पत्र ट्रंकेत परत न ठेवता पर्समध्येच ठेवतील, आणि पर्समधून ते कुठे जातं हे आपल्यालाही माहीत आहे.

हक्कांबद्दलही स्पष्ट लिहून घ्या, कारण पुढे भांडणं होतात ती इथेच. कागद मी देते म्हणजे कागदाची मालकी आपली. मजकुराचा कॉपीराइट आपोआप त्याबरोबर येत नाही, तो आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे वारसांकडे असतो: लेखकाच्या हयातीत छापलेल्या मजकुराचा त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, आणि मागाहून छापलेल्याचा छापल्यापासून साठ वर्षं. अण्णांच्या लेखनापुरती परवानगी आम्ही भावंडं लेखी देऊ. पण वाचकांनी अण्णांना लिहिलेल्या पत्रांचा मजकूर त्या त्या वाचकाचा किंवा त्याच्या वारसांचा आहे. अभ्यासकाला ती वाचायला द्या, छापायची वेळ आली तर परवानगी ज्याची त्यानं मिळवावी. हे एका पानात मावतं. ते पान मी तयार केलं आहे, आपल्या वकिलांनी हवं तर दुरुस्त करावं.

पुराभिलेख संचालनालयाला एक वेगळी विनंती. २००५ चा राज्याचा अभिलेख कायदा सरकारी दप्तरासाठी आहे, घराघरांतलं दप्तर त्याच्या कक्षेबाहेर राहतं, हे खरं. सगळी घरं आपल्या अंगावर घ्या असं मी म्हणत नाही. पण वाचनालयाच्या कार्यवाहांना दोन दिवसांचं शिक्षण द्यायला काय हरकत आहे? रुमाल कसा बांधावा, यादी कशी करावी, कसर आणि वाळवी कशी ओळखावी. जिल्ह्यात एक शिकलेला माणूस असला तरी फोन कुणाला करायचा ते लोकांना कळेल. आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांना इतकंच की प्रबंधासाठी दरवर्षी तेच ते चार कथाकार वाटण्यापेक्षा एखाद्या मुलीला एक ट्रंक द्या. तीनशे पत्रं, पाच खर्डे, एक वही. दोन वर्षांत ती जे करील ते कुठल्याही "कथांमधील समाजदर्शना"पेक्षा वाचनीय होईल.

"सैनिक समाचार" मराठीतही निघत आला आहे. १९०९ साली "फौजी अखबार" म्हणून सुरू झालेलं ते नियतकालिक १९५४ पासून ह्या नावानं. त्याचे जुने अंक अण्णांकडे होते, त्यात त्यांच्या अगदी सुरुवातीच्या चार कविता. कविता वाईट आहेत. त्या पण देते आहे.

ट्रंक सध्या माझ्याकडे आहे, ओल लागू नये म्हणून दोन फळ्यांवर ठेवलेली. यादी सत्तावीस पानांची झाली आहे, तिची प्रत मागेल त्या संस्थेला पाठवीन. आणून पोचवायचं भाडं आमचं. किल्ली १९९६ च्या सुमारास हरवली, तेव्हापासून कुलूप नाही. कडीत सुतळी ओवून दोन गाठी मारलेल्या आहेत, त्या अण्णांच्या हातच्या, म्हणून मी दर वेळी सोडवते आणि पुन्हा तशाच मारायचा प्रयत्न करते. दुसरी गाठ मला अजून जमलेली नाही.

आपली,
एका हवालदार-बातमीदाराची मुलगी